राखण गावाची, निर्णयही गावाचा



माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत जे अभयारण्य घोषित झाले, त्याचे क्षेत्र कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, पिकाखालची शेती होती. या साऱ्या मुलखात जमिनीच्या व्यवहारांवर आणि उद्योगांवर निर्बंधांची टांगती तलवार आली, आणि ती टांगताना तिथल्या शेतकऱ्याला कुणी विचारले नाही, की ती का टांगली हे सांगितले नाही. पुढे तीन दशकांनी अभयारण्याचे क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तोवर माळढोक हा आपल्या अडचणींचे मूळ आहे, अशी भावना अनेक गावांत रुजली होती. याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर आज माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. याला एकटे अभयारण्य कारणीभूत नाही. ओलिताखाली गेलेली माळराने, ऊस आणि द्राक्षे, गवताळ जमिनीवर झाडे लावण्याच्या योजना, शिकार, भटकी कुत्री ही सगळी कारणे खरी आहेत. पण या पक्ष्याची वीण कशी होते ते पाहा. मादी उघड्या जमिनीवर, गवतात, बहुधा एकच अंडे घालते. त्या अंड्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचतो तो मेंढपाळ किंवा शेतकरी. वनरक्षक तिथे दिवसभर नसतो, मेंढपाळ असतो. त्याचे मन ज्या व्यवस्थेने दुखावले, त्या व्यवस्थेने पक्ष्याचा सर्वांत जवळचा राखणदारच गमावला.

आज मला जे मांडायचे आहे ते थोडक्यात असे. आशियातले संकटग्रस्त पक्षी आणि त्यांचे अधिवास वाचवायचे असतील तर लोकांचे सहकार्य मिळवणे पुरेसे नाही. ज्या जमिनीवर, झाडावर, पाणथळीवर तो पक्षी जगतो, तिच्याविषयीचा निर्णय तिथल्या लोकांच्या हाती असला पाहिजे. जनजागृती, प्रबोधन, लोकसहभाग हे शब्द आता प्रत्येक सरकारी योजनेत असतात. पण शिबिराला गाव बोलवायचे आणि नियम मात्र राजधानीत ठरवायचे, या पद्धतीने फारसे काही हाती लागलेले नाही. जिथे नियम गावाने केले, दंड गावाने ठरवला आणि राखण गावाने केली, तिथे पक्षी वाढले आहेत. ही केवळ सद्भावना नाही, त्याला पुरावा आहे.

पहिला पुरावा आसामचा. हरगिला, म्हणजे मोठा क्षत्रबलाक, हा जवळजवळ पाच फूट उंचीचा, टकल्या डोक्याचा, गळ्याखाली पिशवी लोंबणारा करकोच्याच्या कुळातला पक्षी. एकेकाळी उत्तर भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा पक्षी आता मुख्यतः आसाम, बिहार आणि कंबोडियापुरता उरला आहे. आसाममधल्या कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया, सिंगिमारी या गावांत तो घरटी बांधतो ती कदंब, सावर अशा उंच झाडांवर, आणि ही झाडे लोकांच्या परसात असतात. वर वसाहत असली की खाली काय होते, याची कल्पना शहरातल्या पक्षीप्रेमीला सहसा नसते. पिल्लांना भरवताना सडके मांस, मासे आणि हाडे अंगणात पडतात, विष्ठेने झाडाखालची जमीन पांढरी होते, आणि दुर्गंधी घरात शिरते. वाळत घातलेले कपडे खराब होतात. अपशकुनी म्हणून त्याची ओळख होतीच. त्यामुळे घरमालक झाड तोडत, आणि एका झाडाबरोबर अनेक घरटी जात. झाड खाजगी मालकीचे असल्याने कायद्याचा हात तिथे तोकडा पडे. पक्ष्याला मारणे गुन्हा होता, पण आपल्या परसातले झाड तोडणाऱ्याला अडवणार कसे?

प्राणिशास्त्राच्या अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांनी २००७ च्या सुमारास हे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी झाडमालकाला गुन्हेगार ठरवले नाही. त्या गावातल्या बायकांकडे गेल्या. गरोदर सुनेचे डोहाळे जसे पुरवले जातात तसे विणीच्या हंगामात हरगिलाच्या मादीचे डोहाळजेवण गावात होऊ लागले. गामोसा या आसामी गमछ्यावर आणि साड्यांवर हरगिलाची आकृती विणली जाऊ लागली, आणि ती विणणाऱ्या बाईच्या हातात पैसा येऊ लागला. उंच घरट्यातून पडणारी पिल्ले झेलण्यासाठी झाडाखाली जाळ्या बांधल्या गेल्या. ‘हरगिला आर्मी’ या नावाने आज दहा हजारांहून अधिक स्त्रिया या कामात आहेत. ज्या तीन गावांत पूर्वी २८ घरटी मोजली गेली होती, तिथे २०२२ पर्यंत ती अडीचशेच्या वर गेली. ही या पक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत मानली जाते. २०२३ साली जागतिक लाल यादीत हरगिला ‘संकटग्रस्त’ गटातून ‘संकटसमीप’ गटात आला. या यशाचे श्रेय बहुधा बर्मन यांच्या जिद्दीला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामागची रचनाही नीट पाहायला हवी. झाडाची मालकी कुणी काढून घेतली नाही. तोडण्याचा हक्क असलेल्या माणसानेच न तोडण्याचे ठरवले, आणि त्या निर्णयाला शेजारणींच्या नजरेत प्रतिष्ठा मिळाली. सक्तीने राखलेले झाड राखणदार वळताच पडले असते.

दुसरा पुरावा नागालँडमधला. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा शिकारी पक्षी सैबेरिया आणि ईशान्य चीनमधून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो, आणि वाटेत ईशान्य भारतात वाळवीवर ताव मारून अंगावर चरबी चढवतो. पुढे त्याला आपला देश ओलांडून अरबी समुद्रावरून अखंड उडायचे असते. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त नाही. पण २०१२ च्या हिवाळ्यात वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावर जे दिसले, त्या गतीने कुठलाही पक्षी संकटात आला असता. ससाणे रात्री ज्या झाडांवर थव्याने उतरतात त्या झाडांमध्ये नायलॉनची मासेमारीची जाळी लावलेली होती. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी त्यांत अडकत होते, असा अंदाज तेव्हा जाहीर झाला. बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सू आणि शशांक दळवी यांच्या पथकाने या शिकारीची चित्रफीत जगापुढे आणली, आणि देशभर संताप उसळला. पण संतापाने काही थांबले नाही. थांबले ते पांगती, आशा आणि सुंग्रो या गावांच्या ग्रामपरिषदांनी ठराव करून जाळी बंद केल्यावर. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या हंगामात, तिथे ससाण्यांची जाळ्यांनी होणारी शिकार पूर्ण बंद झाली. त्या नोव्हेंबरमध्ये उपग्रह यंत्र बसवून सोडलेल्या तीन पक्ष्यांपैकी एकाला पांगती हेच नाव दिले गेले.

एका वर्षात एवढा पालट कसा झाला? नागालँडमध्ये जमीन आणि तिच्यावरची साधनसंपत्ती मुख्यतः कुळांच्या आणि गावांच्या मालकीची आहे. राज्यघटनेच्या ३७१-अ कलमाने त्या परंपरागत व्यवस्थेला संरक्षण दिले आहे. त्यामुळे ग्रामपरिषदेने मनावर घेतले की अंमलबजावणीसाठी दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागत नाही. चर्चच्या मंडळींनी साथ दिली, वनखात्याने आणि स्वयंसेवी संस्थांनी बळ दिले, पण ठराव गावाचा होता. यात एक कटू भागही आहे आणि तो झाकता कामा नये. दोयांग धरण २००० साली सुरू झाले तेव्हा या गावांची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. शेती गेली म्हणून लोक मासेमारीकडे वळले आणि मासेमारीची जाळी पुढे ससाण्यांवर पडली. गावाने उत्पन्नाचे एक साधन स्वतःहून सोडले. त्याबदल्यात पर्यटनातून भरभराट होईल अशी जी आशा दाखवली गेली ती पुरेशी फळाला आलेली नाही, अशी तक्रार तिथून वारंवार ऐकू येते. गावाने शब्द पाळला. उरलेल्या देशाने मात्र आपला शब्द किती पाळला, याचा हिशेब द्यायचा बाकी आहे.

याच मुलखातले खोनोमा हे गाव याहून जुना दाखला देते. इंग्रजांशी १८७९ साली झुंजलेले हे अंगामी नागांचे गाव. तिथे १९९३ साली शिकारीच्या चढाओढीत एका आठवड्यात सुमारे ३०० ब्लिथचे ट्रॅगोपान मारले गेले, असे सांगितले जाते. हा रंगीत, रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी आज असुरक्षित गटात आहे. आपण आपलेच जंगल रिकामे करत आहोत हे गावातल्या जाणत्यांनी ओळखले. पाच वर्षे गावात वाद झाले, आणि १९९८ साली गावाने सुमारे वीस चौरस किलोमीटर जंगल ट्रॅगोपानसाठी राखून ठेवले, शिकारीवर बंदी घातली. त्या काळी आपल्या वन्यजीव कायद्यात ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही तरतूदही नव्हती. शेजारच्या अरुणाचल प्रदेशातही असा दाखला आहे. तिथे २००६ साली पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी बुगुन लिओसिक्ला या नव्या पक्ष्याची नोंद केली. संख्या इतकी तुटपुंजी की नमुना म्हणून एकही पक्षी न मारता, पिसे आणि छायाचित्रे यांवरच त्यांनी वर्णन केले. ज्या बुगुन जमातीच्या नावाने पक्ष्याला ओळख मिळाली त्या जमातीच्या सिंगचुंग गावाने २०१७ साली आपल्या मालकीचे १७ चौरस किलोमीटर जंगल राखीव केले, आणि गावचीच तरुण मुले आज तिथे गस्त घालतात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सरळ आहे. दोयांगवर जाळी लावणारे गावकरीच होते, ट्रॅगोपान मारणारे गावकरीच होते, मग चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कशा द्यायच्या? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेला सिद्धान्तही याच दिशेने जातो. सामाईक कुरण प्रत्येक जण ओरबाडणार आणि शेवटी ते उजाड होणार, असे त्यांचे म्हणणे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सामाईक पाण्याचा, कुरणांचा आणि वनांचा अभ्यास करून याला उत्तर दिले, आणि त्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मते जिथे कुणाचाच धरबंध नाही तिथे ओरबाडणे होते. जिथे वापरणारे लोक स्वतः नियम करतात, नजर ठेवणारा त्यांनाच उत्तरदायी असतो आणि चूक करणाऱ्याला चुकीच्या प्रमाणात दंड होतो, तिथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. वरील गावांत नेमके हेच घडले. आणि शिकारी माणसाचे ज्ञान वाया जात नाही. फिलिपिन्समधल्या पालावान प्रांतात रासा बेटावर काकाकुव्याची पिल्ले घरट्यातून चोरून विकणाऱ्यांनाच १९९८ पासून राखणदार म्हणून नेमले गेले. कोणत्या झाडावर कधी पिल्ले असतात हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा पंचविसाच्या आसपास उरलेले तिथले काकाकुवे पुढच्या दोन दशकांत दोनशेच्या पुढे गेले.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोक पैशासाठी राखण करतात, पैसा थांबला की राखण थांबेल, असे म्हटले जाते. कंबोडियाच्या उत्तर मैदानी प्रदेशात या प्रश्नाची चांगली परीक्षा झाली आहे. तिथे राक्षसी कुदळ्या आणि पांढऱ्या खांद्याचा कुदळ्या या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांवर पहारा देणाऱ्याला दिवसाला एक डॉलर, आणि पिल्ले सुखरूप उडाली तर तेवढाच आणखी, अशी योजना या शतकाच्या आरंभी सुरू झाली. घरटी वाचली, खर्चही कमी आला. पण पैसा एकेकट्याला मिळत असल्याने गावाची संस्था काही उभी राहिली नाही, आणि घरट्याभोवतीचे जंगल शेतीसाठी तुटत राहिले तर पहारेकरी काय करणार? म्हणून त्मातबोयसारख्या गावांत पुढचे पाऊल टाकले गेले. पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था गावाची समिती बघते आणि उत्पन्नाचा वाटा गावाच्या कामांना जातो. २००९ पासून ‘आयबिस राइस’ या नावाने भात विकला जाऊ लागला. जो शेतकरी गावाच्या जमीन-आराखड्याबाहेर जंगल तोडत नाही आणि शिकार करत नाही, त्याच्या भाताला चढा भाव मिळतो, आणि कोण नियम पाळतो हे गावच तपासते. यातून निघणारा निष्कर्ष असा की मोबदला देणे चूक नाही, पण तो गावाच्या निर्णयशक्तीला बळ देणारा हवा. शिवाय मोबदल्याला लाच समजण्याचे कारण नाही. हरगिलाची घाण सोसणारी बाई, दोयांगचा मासेमार, भातखाचरात सारसाचे घरटे असले म्हणून तेवढा तुकडा कापायचा सोडणारा गोंदियाचा शेतकरी, हे सारे आपल्या सगळ्यांसाठी झळ सोसत आहेत. ती झळ वाटून घेणे हा न्याय आहे.

तिसरा आक्षेप असा की ‘गाव’ नावाचे एकसंध काही नसतेच. तिथेही धनदांडगे आणि दुबळे असतात, स्त्रियांना आवाज नसतो, आणि मूठभर लोक गावाच्या नावाने बोलतात. हे खरे आहे. पण हाच दोष तालुक्याच्या कचेरीला आणि मंत्रालयालाही लागू आहे, आणि तिथे तो दुरुस्त करणे गावकऱ्याच्या हाताबाहेरचे आहे. कामरूपच्या उदाहरणातून उलट असे दिसते की संवर्धनाचे काम ज्यांच्यापर्यंत सत्ता कधी पोहोचलीच नव्हती अशा स्त्रियांच्या हाती आले, तर गावातली उतरंडही थोडी हलते. यावर उपाय ग्रामसभा खुली करण्याचा आहे, तिला बाजूला सारण्याचा नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा, आणि तो मला बहुतांशी मान्य आहे. काही संकटे गावाच्या आवाक्याबाहेरची असतात. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली. पण दूरच्या गोठ्यात गुराला दिलेले डायक्लोफिनॅक ते कसे थांबवणार? भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते हे वेदनाशामक, आणि ते २००४ मध्ये सिद्ध झाले. गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर २००६ साली बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली त्या कुपीचा आकार तीन मिलिलीटरवर आणावा लागला, आणि ती तरतूद न्यायालयात टिकवावी लागली. राजस्थानात माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, आणि तो प्रश्न २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. औषधाची परवानगी, वीजवाहिनीचा मार्ग, शहराच्या कचऱ्याची विल्हेवाट ही कामे सरकारचीच आहेत. हरगिलाची झाडे बायकांनी वाचवली, तरी गुवाहाटीच्या कचरा डेपोवर पोट भरणाऱ्या त्या पक्ष्याला निरोगी पाणथळी परत मिळवून देणे त्यांच्या एकट्यांचे काम नाही. पण या आक्षेपातून गावाचा अधिकार कमी करावा असे निघत नाही, कामाची वाटणी नीट करावी असे निघते. आणि अधिकाराअभावी सरकारी चुका कशा फोफावतात हेही तिथेच दिसते. जैसलमेरकडची ओरणे म्हणजे आपल्या देवराईसारखी देवाच्या नावाने राखलेली कुरणे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही जमीन महसूल दप्तरी कित्येक ठिकाणी पडीक म्हणून नोंदली गेली, आणि पडीक जमीन सौरप्रकल्पांना द्यायला कुणाची हरकत विचारावी लागत नाही. गावाचा हक्क नोंदलेला असता तर माळढोकाच्या बाजूने पहिली हरकत तिथल्याच माणसाने घेतली असती.

अशी वाटणी आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. तमिळनाडूतल्या वेदांतंगल तळ्यावर गोरे सैनिक पक्षी मारू लागले, तेव्हा गावकरी कलेक्टरकडे गेले आणि १७९८ साली त्यांनी पक्ष्यांच्या रक्षणाचा कौल लिहून घेतला. विष्ठेने खतावलेले तळ्याचे पाणी शेताला लाभते हा त्यांचा अनुभव होता. निर्णय गावाचा होता, सरकारने त्यावर शिक्का उमटवला. आजच्या कायद्यात मात्र हा क्रम उलटा झाला आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली, पण एकदा क्षेत्र घोषित झाले की जमिनीच्या वापरात बदल करायला राज्य सरकारची मंजुरी लागते. आपणहून जमीन देऊ पाहणारे गाव या अटीपाशी थबकते, आणि ते स्वाभाविक आहे. ही अट बदलली पाहिजे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो देशात सर्वांआधी मिळवला, आणि सामूहिक वनहक्कांत गडचिरोली जिल्हा आज देशात आघाडीवर गणला जातो. हा हक्क बांबू आणि तेंदूपत्त्यापुरता न राहता पक्ष्यांच्या विणीच्या जागांपर्यंत, गवताळ माळांपर्यंत आणि तळ्यांपर्यंत नेण्याची वेळ आली आहे.

पक्षी संपत आले, आता गावोगावच्या सभा घेत बसायला वेळ नाही, असेही घाईने म्हटले जाते. कृत्रिम प्रजनन केंद्रे, पिल्ले वाढवून निसर्गात सोडण्याचे प्रयत्न या तातडीच्या गोष्टी जरूर व्हाव्यात. पण केंद्रात वाढवलेला माळढोक सोडायचा कुठे? त्याला कुणाच्या तरी माळावर, कुणाच्या तरी ज्वारीच्या रानात उतरायचे आहे. तिथला माणूस तयार नसेल तर प्रयोगशाळेतले सारे कौशल्य व्यर्थ आहे. खोनोमाला ठरावापर्यंत पोहोचायला पाच वर्षे लागली आणि तो ठराव पाव शतकाहून अधिक काळ टिकला आहे. माळढोकाच्या अभयारण्याची अधिसूचना एका दिवसात निघाली, आणि तिची दुरुस्ती करण्यात तीस वर्षे गेली. यात वेळ कुणाचा वाचला?

म्हणून यापुढे पक्षी-संवर्धनाची कोणतीही योजना समोर आली, मग ती सरकारची असो, संस्थेची असो वा कंपनीच्या सामाजिक निधीतली असो, तिला एक प्रश्न विचारावा: या योजनेला नकार देण्याचा अधिकार गावाला आहे का? तो नसेल तर तिथला होकार हा फक्त सहीपुरता आहे आणि तो पहिल्या दुष्काळात किंवा पहिल्या चढ्या भावात मोडेल. तो अधिकार असेल तर गाव वेळ घेईल, भांडेल, अटी घालेल, मोबदला मागेल, आणि मग जे ठरवेल ते स्वतःचे म्हणून निभावेल. शहरांतल्या पक्षिमित्रांनी आपली दुर्बीण आणि नोंदवही जरूर घेऊन जावे, कारण घरट्यांची मोजदाद, शास्त्रीय माहिती, कायदेशीर मदत आणि बाजारपेठ या गोष्टी गावाला खरोखर हव्या आहेत. पण तिथे जाताना नियम घेऊन जाऊ नयेत. नियम करण्याचे काम पक्ष्याच्या शेजाऱ्यांचे आहे, आणि त्यांचा तो अधिकार कायद्यात नोंदवून घेण्यासाठी झटणे हे आपले काम आहे.